गच्चीवरच्या ताट्या

त्या मे महिन्यात आमच्या गणना केंद्रात सगळे एका घंटीची वाट पाहत असत. ती वाजू नये असे प्रत्येकाला वाटे, आणि ती वाजेपर्यंत कोणाला चैनही पडत नसे. सकाळचा चहा झाला की माणसे उगाच उठत, काचेपलीकडच्या संगणकाच्या खोलीत डोकावत, परत येऊन बसत. दुपार चढू लागली की ती घंटी वाजे, यंत्राचे दिवे एकेक करून मालवत जात आणि छापण्याचे यंत्र अर्ध्या ओळीत थांबे.

मी तिथे टेपा आणि पुस्तके सांभाळत होतो. नोकरीची शेवटची वर्षे होती. मला सगळे नानाजी म्हणत. संगणकातले मला जे काही कळते ते वाचून कळते, म्हणजे अर्धेच कळते. तेव्हा पुढे सांगताना कुठे चुकलो तर तो दोष माझा समजावा, प्रेमिलाचा नव्हे. तिने मला सगळे नीट समजावून सांगितले होते.

प्रेमिला मेश्राम ही त्या यंत्राची इंजिनियर. नागपुरातच शिकलेली, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. मुंबईच्या एका कंपनीने वापरून काढलेले यंत्र आदल्या हिवाळ्यात आमच्याकडे आले, तेव्हा त्याच्या देखभालीसाठी तिची जागा निर्माण झाली. जागा तात्पुरती होती. यंत्र इथे रुळले तर ती कायम होणार, आणि यंत्र परत गेले तर तीही जाणार. हे तिला माहीत होते आणि इतर सगळ्यांनाही माहीत होते. म्हणून घंटी वाजली की लोक आधी दिव्यांकडे पाहत आणि मग तिच्याकडे.

या यंत्राचा प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग, पंख्याच्या वाऱ्यावर थंड राहणारा नव्हता. त्याच्या पोटातून बारीक नळ्यांमधून शुद्ध पाणी फिरत राहायचे. ते पाणी प्रोसेसरची उष्णता घ्यायचे आणि खालच्या पेटीत जाऊन दुसऱ्या पाण्याला द्यायचे. हे दुसरे पाणी साधे, नळाचे. ते मोठ्या पाइपातून गच्चीवर चढायचे. गच्चीवर पुरुषभर उंचीचा एक टॉवर होता, चारही बाजूंनी झडपांसारख्या फटी असलेला, माथ्यावर मोठा पंखा. पाणी आत वरून खाली झिरपायचे, पंखा चारही बाजूंनी हवा आत ओढून वर फेकायचा, आणि त्या हवेत पाणी निवून पुन्हा खाली यायचे. एवढेच. माठातले पाणी जसे निवते तसेच, असे प्रेमिला म्हणाली होती, फक्त इथे माठाच्या जागी पंखा आहे.

हिवाळ्यात यंत्र उत्तम चालले. विदर्भातल्या विहिरींच्या पाण्याचा हिशेब आम्ही त्याच्यावर घालत होतो, आणि कागदांच्या चळती बाहेर पडत होत्या. ऊन तापू लागले आणि दुखणे सुरू झाले: दुपारी प्रोसेसर फार तापे, धोक्याची घंटी वाजे आणि यंत्र आपोआप बंद पडे.

प्रेमिलाने आतून बाहेरून सगळे तपासले. आतल्या पाण्याचा पंप उघडला. नळ्यांत हवा अडकली असेल म्हणून सगळे पाणी काढून पुन्हा भरले. उष्णता मोजणारा काटाच खोटे सांगत असेल म्हणून तो बदलून पाहिला. मग तिला वाटले की आपल्या नळाच्या पाण्याचा क्षार पेटीत बसला असणार. तिने पेटी आम्लाने धुवून काढली, तिच्या बोटांची साले निघाली. पेटी स्वच्छ निघाली, आणि दुसऱ्या दुपारी घंटी पुन्हा वाजली. ती खोलीतून बाहेर आली, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली, लगेच उठली. जेवणाचा डबा तसाच राहिला होता. मी म्हटले, थोडे खाऊन घे. ती म्हणाली, हो, आणि पुन्हा आत गेली.

केंद्राचे प्रमुख गोपाळराव माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांना वरून विचारणा होऊ लागल्या होत्या. त्यांनी मुंबईहून, जिथून यंत्र आले त्या कंपनीचे तज्ज्ञ, कृष्णकांत यांना बोलावले. कृष्णकांत उंच, नीटनेटके, रुमालाने सारखी मान पुसणारे. त्यांनी प्रेमिलाने केलेले सगळे पुन्हा केले आणि तिने काही चुकवले नाही असे मोकळेपणाने सांगितले. गच्चीवर ते एकदाच गेले. टॉवरचा पंखा फिरतो आहे, पाणी पडते आहे, एवढे पाहून खाली आले आणि गोपाळरावांना म्हणाले की टॉवरला सावली करण्याची तुमची सोय छान आहे.

ती सोय म्हणजे वाळ्याच्या ताट्या. बांबूच्या चौकटीत वाळा, म्हणजे खस, दाबून भरायचा, ती ताटी खिडकीला बांधायची आणि दिवसभर तिच्यावर पाणी मारत राहायचे. बाहेरची झळ आत येईपर्यंत गार वारा होते. नागपुरात एप्रिल लागला की सरकारी इमारतींच्या खिडक्या अशा ताट्यांनी झाकून जातात. आमच्याकडे त्या वर्षी हे काम देवरावांना मिळाले होते. देवराव हे प्रेमिलाचे वडील. गिरणीतले काम सुटल्यावर ते बांबूकाम करू लागले. राहायला जरीपटक्याकडे, मूळचे कुहीजवळचे. वाळा ते तिकडच्या नाल्यांवरून स्वतः निवडून आणत. त्यांची ताटी हंगामभर भुरभुरत नसे.

खिडक्या झाल्यावर देवराव सहज गच्चीवर गेले आणि त्यांना तो टॉवर उघड्या उन्हात उभा दिसला. आपल्या मुलीचे यंत्र ज्याच्यावर गार राहते तोच उन्हात. त्यांना ते बघवले नाही. त्यांनी मोजमाप घेतले आणि चार दिवसांत चारही बाजूंना ताट्या उभ्या केल्या, एकीला एक भिडवून, सुतळीने आवळून. खिडकीच्या ताटीत भरतात त्याच्या दुप्पट वाळा. पैसे घेतले नाहीत. आम्ही सगळे वर पाहायला गेलो होतो. गोपाळरावांनी त्यांची पाठ थोपटली. कोणी म्हणाले, देवरावजी, मशीनचे लाड जावयासारखे करून राहिले तुम्ही. देवराव लाजून हसले होते. माझी खात्री आहे की तेव्हा त्या गच्चीवरच्या एकाही माणसाला ते चुकीचे वाटले नाही. उन्हाळ्यात वस्तू तापत असेल तर तिला वाळ्याआड ठेवायची आणि पाणी मारायचे, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. रोज दुपारी देवराव जरीपटक्याहून सायकल मारत यायचे आणि त्या ताट्यांवर स्वतः पाणी घालायचे. तिकडे आता कोणी पाहतही नसे.

कृष्णकांत यांचे मत ठरले. गच्चीवर चढणारे पाणी आणि उतरणारे पाणी यांच्या उष्णतेत फरकच उरत नाही, हे प्रेमिलाने त्यांना दाखवले होते. ते म्हणाले, बाहेरची हवाच भट्टीसारखी असेल तर फरक पडणार कुठून? हे यंत्र नागपूरसाठी नाही. परत पाठवा, तुमच्या विहिरींचा हिशेब मुंबईत करून देऊ. संध्याकाळच्या गाडीचे त्यांचे तिकीट होते. जाण्याआधी ते तसा अहवाल टाइप करून देणार होते.

प्रेमिलाने ऐकले आणि मान हलवली. तिचाही अर्धाअधिक विश्वास बसला होता, असे मला वाटते. तिला दुसरे काही सुचतही नव्हते.

त्या दुपारी मी माझ्या खोलीचे दार लावून घेतले होते. बाहेर सगळे यंत्र जाण्याबद्दल बोलत होते, आणि मला ते ऐकवत नव्हते. खिडकीला ताटी होती, ती ओली होती, पण खोली कोंदट झाली होती; पुस्तकाचे पान हाताला चिकटत होते. तरी मी दार उघडले नाही. कोणी आत आले तर बोलावे लागेल.

प्रेमिलाच आत आली. टेपा परत द्यायला. आवराआवर सुरू केली असावी.

"नानाजी, दार काहून लावून बसले तुम्ही?" ती म्हणाली. "हवा निघाले जागाच नाही. कसं उबट होऊन राहिलं इथं."

तिने दार सताड उघडून त्याला विटेचा तुकडा लावला. त्याबरोबर ताटीतून गार वाऱ्याची झुळूक आत आली आणि माझ्या टेबलावरचा कागद उडाला. तो उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच थांबली. मला वाटले चक्कर आली. मग ती सरळ झाली, खिडकीपाशी गेली, ताटीसमोर हात धरला. वारा तिच्या बोटांवर येत होता. तिने जाऊन दार लोटले. वारा थांबला. पुन्हा उघडले. पुन्हा आला. असे तिने किती वेळा केले कोण जाणे. मी विचारले, काय झाले? छापण्याच्या यंत्राच्या कागदाची कडेची भोके असलेली एक पट्टी तिने फाडून घेतली आणि म्हणाली, "चला ना माझ्यासंगं वर."

गच्चीचा जिना चढताना माझा जीव घाबरा झाला. वर ऊन असे होते की डोळे उघडवत नव्हते. टॉवरचा पंखा माथ्यावर गरगरत होता. प्रेमिलाने कागदाची पट्टी एका ताटीसमोर धरली. पंखा आत हवा ओढत असता तर पट्टी ताटीला जाऊन चिकटायला हवी होती. ती सरळ खाली लोंबत राहिली. तिने दुसऱ्या बाजूला धरली, तिसऱ्या, चौथ्या. पट्टी हलली नाही. मग दोन ताट्यांच्या सांध्यात, जिथे सुतळी जराशी सैल होती, तिथे तिने ती नेली. पट्टी झटकन हातातून सुटली आणि त्या फटीत शिरली.

ती टॉवरकडे पाहत उभी राहिली. ताट्या सुरेख विणल्या होत्या. कडांना बांबूच्या कामट्या, गाठी एका रेषेत.

मला आपले सुचले ते मी बोललो. म्हणालो, देवरावजी यायच्या आत आपण दोघे हळूच सोडून टाकू. यंत्र चालेल, अहवाल थांबेल, कोणाला कशाला सांगायचे? नाहीतर लोक म्हणतील बापानेच मशीन बंद पाडली. त्यांचे खिडक्यांचे कामही जाईल पुढच्या वर्षी.

ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "अन् पुढच्या उन्हाळ्यात कोणी दुसऱ्यानं प्रेमानं लावल्या, त?"

तेवढ्यात जिन्यात बादलीचा आवाज आला. देवराव वर आले, डोक्याला पंचा गुंडाळलेला, दोन्ही हातांत पाणी.

"जयभीम, नानाजी," ते म्हणाले. "उन्हात काहून उभे जी? झळ लागंल." मग मुलीकडे पाहून बादल्या खाली ठेवल्या. "काय झालं वं?"

प्रेमिला म्हणाली, "बाबा, आपल्या घरी कूलर लावला की आई कोणती खिडकी उघडाले लावते?"

देवरावांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "मागची."

"काहून?"

"हवा निघाले पायजे. बंद खोलीत कूलर का कामाचा? उलटं उबते माणूस."

"हे पण तसंच हाये, बाबा. याले हवा आत घ्याची असते अन् वर सोडाची असते." ती थांबली. तिने ताटीवर हात ठेवला. "हवा आतच जाऊन नाही राहिली."

देवरावांनी पुढे होऊन आपला तळवा वाळ्यावर टेकवला, जिथे तिचा हात होता त्याच्या शेजारी. मला तिथून निघून जावेसे वाटत होते. पण जिना त्यांच्या पलीकडे होता.

"तुह्या मशीनले ऊन लागते म्हणून डबल भरला म्या वाळा," ते म्हणाले. "निवडून निवडून भरला. मंग त म्याच दार लावून टाकलं म्हण ना."

प्रेमिला म्हणाली की तिनेही पाहिले होते, साहेबांनी पाहिले होते, मुंबईच्या साहेबांनीही पाहिले होते. देवरावांनी ते ऐकले की नाही कळले नाही. त्यांनी कमरेचा कोयता काढला. ती म्हणाली, "थांबा. मी आधी खाली सांगून येतो. मंग तोडा." आमच्याकडे मुलीही येतो, जातो असेच म्हणतात.

मी तिच्या मागे खाली गेलो. गोपाळरावांच्या खोलीत कृष्णकांत टायपिस्टला अहवाल सांगत होते. बॅग भिंतीशी भरून ठेवली होती. प्रेमिला दारात उभी राहिली. मी तिच्या मागे, कपाटाच्या आडोशाला.

"साहेब, टॉवरची हवा बंद झाली आहे," ती म्हणाली. "ताट्यांनी."

टाइपरायटर थांबला. कृष्णकांत यांनी रुमाल खाली ठेवला. ताट्यांमधून तर गार हवा मिळायला हवी, ते म्हणाले. आणि तसेही या उन्हात हवा मिळून काय उपयोग? इथली हवाच तापलेली.

प्रेमिला म्हणाली, "साहेब, मुंबईत तुम्ही घरी कूलर लावता?"

"मुंबईत कूलर चालत नाही. हवा दमट असते."

"इथं चालतो."

तिने एवढेच म्हटले. कृष्णकांत तिच्याकडे पाहत राहिले. कोरडी हवा कितीही तापलेली असली तरी ती पाणी पिते आणि पाण्याला निववते. हे नागपूरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि त्यांनाही पुस्तकातून ठाऊक होतेच. त्यांच्या चेहऱ्यावर ते जोडले जाताना मला दिसले. मग त्यांनी विचारले, "या ताट्या लावल्या कोणी?"

गोपाळराव टेबलावरच्या काचेखालचे कॅलेंडर पाहू लागले. पाठ त्यांनीच थोपटली होती.

"माझ्या वडलांनी," प्रेमिला म्हणाली. "आणि मी लावू दिल्या."

टायपिस्टने मान वळवून खिडकीकडे पाहिले. तिथेही देवरावांचीच ताटी होती. मला वाटले आता गोपाळराव बोलतील की परवानगी मी दिली होती. ते बोलले, पण बऱ्याच वेळाने, आणि घसा खाकरून. तेवढ्यासाठी मी त्यांना अजून मानतो.

कृष्णकांत यांनी सांगितले, ताट्या काढा, यंत्र पूर्ण भाराने लावा. आता, या उन्हातच.

वर सुतळ्या तुटण्याचे आवाज खालपर्यंत येत नव्हते, पण मला ते ऐकू आल्यासारखे वाटले. यंत्र सुरू झाले. विहिरींचा सगळा हिशेब त्याच्यावर घातला गेला. काचेमागे प्रेमिला काट्यासमोर उभी होती, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. काटा चढू लागला. रोज ज्या खुणेपाशी घंटी वाजायची तिच्याकडे तो जाऊ लागला आणि व्हरांड्यातली माणसे बोलायची थांबली. मी बसलो, उठलो, माझ्या खोलीत जाऊन आलो. देवराव जिन्याच्या पायरीवर बसले होते, अंगावर वाळ्याचा भुसा. आत यायला त्यांनी नकार दिला होता. मशीनजवळ कचरा नको, म्हणाले. कोणी बाहेर आले की ते वर पाहत, विचारत मात्र नसत.

काटा खुणेच्या अलीकडे थांबला. थरथरला. थोडा खाली आला. मग पुन्हा थोडा वर आला आणि तिथेच राहिला. छापण्याचे यंत्र चालू होते. त्याच्या त्या खडखडाटाची मला एरवी फार चीड. ऊन भिंतीवरून सरकत गेले, रोजची वेळ टळून गेली, तरी कोणी हलेना. शेवटी चहावाला किटली घेऊन आला आणि विचारू लागला की आज घंटी नाही का वाजली. प्रेमिला बाहेर आली, वडलांच्या शेजारी पायरीवर बसली आणि आपला सकाळचा डबा उघडला. भाजी उतरली होती. दोघांनी चटणीशी पोळी खाल्ली.

कृष्णकांत यांनी गाडी सोडली आणि दुसऱ्या दिवशीची दुपारही काट्यासमोर काढली. अहवालात त्यांनी लिहिले की टॉवरची हवा अडली होती, दोष येथील इंजिनियरने शोधला, आणि यंत्र नागपुरात चालू शकते. हवा कशाने अडली हे लिहिले नाही. गोपाळरावांनी विनंती केली होती की प्रेमिलाने, हे मला माहीत नाही. तिला विचारण्याचे धाडस झाले नाही. कार्यालयात मात्र थट्टा पुष्कळ दिवस चालली. कोणाला उकडले की म्हणायचे, देवरावजीले सांगून एक ताटी लावून घे बे. देवराव ती ऐकत आणि खिडक्यांवर पाणी मारत राहत. गच्चीवर ते पुन्हा गेले नाहीत. प्रेमिलाचा कायमचा हुकूम दिवाळीच्या आधी आला.

सोडलेल्या ताट्यांचे काय करायचे हा प्रश्न राहिला होता. त्या टाकून द्यायला देवरावांचे मन होईना. त्यातली सर्वांत चांगली त्यांनी माझ्या खिडकीच्या मापाची कापली आणि जुनी काढून ती बसवली. म्हणाले, नानाजी, तुम्ही वाचणारे माणूस, तुमच्या खोलीत गारवा पायजे. मी आभार मानले.

ती दुहेरी वाळ्याची. तिच्यातून वारा येत नसे. मी दार उघडे ठेवी, दाराला विटेचा तुकडा लावी, तरी येत नसे. नोकरीची शेवटची वर्षे मी त्या खोलीत घाम पुसत पुस्तके वाचत काढली. देवराव दुपारी येत, तिच्यावर पाणी मारत आणि बाहेरून विचारत, "गार लागून राहिलं ना जी?"

मी म्हणत असे, हो, खूप.